अर्धं बोट जास्त

१

फाइल जागेवरच होती, म्हणून ती हरवल्याचं कळायला चार दिवस गेले.

सोमवारी सकाळी रेकॉर्डताईने ती खिडकीजवळच्या मांडणीतून ओढली, टेबलावर ठेवली, उघडली, आणि उघडल्या हातांनी तशीच उभी राहिली. आत कोरे छापील फॉर्म होते. सोळा-सतरा असतील. एकावरही शाईचा ठिपका नव्हता.

"काका," ती म्हणाली. "अहो काका, जरा इकडे या."

डिंककाका कोपऱ्यात खाली बसून फाटक्या फायलींना पट्ट्या लावत होते. रुग्णालयाच्या हजेरीपुस्तकात त्यांचं खरं नाव असेलही, पण हाक मारायला ते कुणी कधी वापरलं नाही. बावीस वर्षं या खोलीत बदामी रंगाचा जाड कागद कापायचा, घडी घालायची, त्याची फाइल करायची आणि जुनी झाली की तिला टाके घालायचे, हेच काम. कागदाहून जाड, पुठ्ठ्याहून पातळ असा तो कागद. त्यात माणसांचे ताप, माणसांची वजनं, माणसांची शेवटची नाडी मिटून ठेवायची.

काका उठले. हल्ली ते उठत, बसत, जेवत, पण सगळं कसं लांबून बघितल्यासारखं. आठ महिन्यांपूर्वी काकू वरच्या मजल्यावर, दोन नंबरच्या वॉर्डात वारल्या. लोकांना वाटलं, काका रडतील. काका दुसऱ्या आठवड्यात कामावर आले आणि खळ शिजवायला लागले. बोटांवर वाळलेल्या खळीचा पापुद्रा धरतो ना, गरम-गार काही कळू देत नाही, तसा पापुद्रा त्यांच्या आत कुठेतरी धरला होता. ते तो खरवडायला गेले नाहीत.

"कुणाची फाइल?" त्यांनी विचारलं.

"आपल्या शिवणबाईच्या मुलीची."

ती फाइल अख्ख्या रुग्णालयाला माहीत होती. सात वर्षांची पोर चार महिन्यांपूर्वी तापाने आली. नऊ दिवस इंजेक्शनं घेतली. ताप गेला, आणि तापाबरोबर दोन्ही कान गेले. आता गुरुवारी अकराला चौकशी होती. छोटा डॉक्टर म्हणत होता, कान वाजतात अशी तक्रार मला कोणी सांगितलीच नाही, नाहीतर औषध थांबवलं असतं. सिस्टर म्हणत होती, मी सांगितलं, लिहूनही ठेवलं. दोघांच्या मधे फक्त ही फाइल उभी होती. फाइल नाही तर मधे काहीच नाही, आणि सिस्टरच्या शब्दापेक्षा डॉक्टरचा शब्द नेहमीच जड.

अर्ध्या तासात मोठ्या डॉक्टरीणबाई खाली आल्या. त्यांनी कोरे फॉर्म बघितले, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"फाइल नसेल तर सिस्टरला घरी पाठवण्याचं पत्र निघेल," त्या म्हणाल्या. "आणि त्यावर सही माझीच असेल. काका, या खोलीतला कागद न् कागद तुमच्या हाताखालून गेलाय. तुम्ही बघा."

"मी काय बघणार, बाई? मी डिंक लावतो."

"मग डिंक लावणाऱ्याच्या नजरेने बघा."

त्या गेल्या. काकांनी रिकामी फाइल उचलली, तिच्या कण्यावरून अंगठा फिरवला, आणि ती खिडकीच्या उजेडात धरली.

"ताई," ते म्हणाले, "ही आपली फाइलच नाही."

२

"असं कसं? नाव बघा. नंबर बघा. माझं अक्षर आहे!"

"अक्षर तुमचं. चिठ्ठी तुमची. पण जिच्यावर चिठ्ठी चिकटवलीय ती फाइल तुमची नाही."

काकांनी मांडणीतून शेजारच्या दोन फायली काढल्या. खिडकीतलं ऊन रोज दुपारी दोन तास त्या मांडणीवर येऊन बसायचं. उन्हाचं आणि बदामी कागदाचं काही खरं नाही, चार महिन्यांत कागद चहासारखा होतो. बाजू मात्र शेजारणींच्या आडोशाला असतात, त्या तशाच राहतात. शेजारच्या दोन्ही फायलींचे कणे चहाचे झाले होते. हिचा कणा नुकत्या सोललेल्या बदामासारखा.

"ही चार महिने इथे उभी असूच शकत नाही. फार तर चार-पाच दिवस. कोणीतरी जुन्या फाइलवरची चिठ्ठी वाफ देऊन काढली, नवीन कागदाची फाइल केली, तिच्यावर ती लावली. ही कड बघा, सुरकुतलीय."

ताई खुर्चीत बसली. तिच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. "काका, म्हणजे माझ्यावरच येणार. कागद या खोलीतला, किल्ली माझ्याकडे, अक्षर माझं."

"तुमच्यावर येणार नाही. घडी बघा."

घडी कडेने फुटली होती, तंतू पिंजारून वर आले होते. कागदालाही लाकडासारखे उभे धागे असतात. धाग्यांच्या बाजूने मोडला तर घडी पाण्यासारखी बसते, आडवा मोडला तर ती चिडते. काका नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवायचे. ताई सहा वर्षांपूर्वी शिकली होती.

"तुम्ही झोपेतसुद्धा अशी आडवी घडी घालणार नाही. ही कागदातलं काही न कळणाऱ्याची आहे. पण..." काकांनी आपली लोखंडी पट्टी आणली. या खोलीतली प्रत्येक फाइल त्या एकाच मापाने कापलेली. त्यांनी वरची बाजू मोजली, खालची मोजली, उघडती बाजू मोजली. परत मोजली.

"पण काय?"

"अर्धं बोट जास्त आहे. तिन्ही बाजूंनी."

"घाईत कापली असेल."

"घाईत माणूस चुकतो ना, तर इकडे जास्त, तिकडे कमी असं चुकतो, ताई. हे तिन्हीकडे सारखं आहे. याला चूक म्हणत नाहीत. ही सवय आहे. कसली, ते मला कळत नाही."

ताईने नाक पुसलं. "आणि मुळात नवी फाइल करायचीच कशाला? आतले कागद काढून घ्यायचे, जुन्या फाइलीत कोरे भरायचे, संपलं. एवढा खटाटोप?"

काकांनी तिच्याकडे बघितलं. प्रश्न चांगला होता, इतका चांगला की त्यांनी तो तसाच ठेवून दिला, ओल्या पट्टीवर वजन ठेवतात तसा.

"गेल्या आठवड्यात इथे कोण कोण आलं?"

"मंगळवारी सिस्टर. मुलीची फाइल नीट आहे ना, विचारायला. बुधवारी छोटा डॉक्टर. बाकी कोण येतंय या भुताच्या खोलीत! हां, पडद्यांसाठी शिवणबाई येऊन-जाऊन होती. पण ती तर मुलीची आई. तिला फाइल हवीच असणार की चौकशीत."

"यांतलं कोणी एकटं होतं?"

ताईने आवाज उतरवला. "सगळीच. मी काय, कधी चहाला जाते, कधी फोनला. पण काका, डॉक्टर आला तेव्हा मी परत आले ना, तर त्याच्या हातात फाइल होती. हीच."

३

छोटा डॉक्टर रुग्ण तपासायच्या खोलीत एकटाच बिस्किटं खात होता. काकांना बघून हसला. हसणं सैल बसलं होतं, दुसऱ्याचा सदरा घातल्यासारखं.

"या, या. डिंक संपला की काय? की मला चिकटवायला आलात?"

"बुधवारी तुमच्या हातात फाइल होती."

हसू उतरलं. डॉक्टरने बिस्किटाचा पुडा मिटला. "होती. खोटं कशाला बोलू? माझा औषधाचा कागद बघायला गेलो होतो. त्यात मी काय लिहिलंय ते मलाच आठवत नव्हतं. तीन रात्री झोप नाही, काका."

"मग?"

"मग काय! 'तक्रार नसल्यास चालू ठेवणे.' माझ्या हाताने लिहिलंय. वाचून इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. तो कागद माझ्या बाजूचा आहे हो! मी तो चोरीन? उलट मी तर त्याची तसबीर करून लावीन." तो थांबला. "मला म्हणाल तर, फाइल सापडावी म्हणून नवस बोलणारा पहिला माणूस मी."

"सिस्टरने लिहून ठेवलेलं काही बघितलंत? कागदांत, नाहीतर कव्हरवर, आतल्या बाजूला?"

"कव्हर?" डॉक्टर खरोखरच गोंधळला. "कव्हर कोण वाचतं, काका?"

काका वर मुलांच्या वॉर्डात गेले. सिस्टर चादर बदलत होती. चादरीचे कोपरे ती पत्राच्या घडीसारखे दुमडायची. तिचं वय चाळिशीच्या पलीकडे, आवाज मऊ, आणि गेल्या महिन्याभरात चेहरा असा झालेला की आरशाने विचारावं, आपण कोण. बाकीच्या सिस्टर्स तिच्याशी बोलायच्या, पण उभ्या राहून नाही, चालता चालता.

"तुम्ही लिहून ठेवलं होतं म्हणता. कुठे?"

"कव्हरच्या आत. लाल पेन्सिलीने." तिने उशी झटकली. "कागदांचं काय खरं, काका? टाका सुटला की गळतात. वॉर्डात दिवसाला दोन तरी फॉर्म माझ्या पायाखाली येतात. कव्हर गळत नाही. म्हणून ज्याच्यावर जीव अवलंबून आहे ते मी कव्हरवर लिहिते. मला सगळ्या हसतात."

"आणि डॉक्टरांनी ते बघितलं?"

"खाली सही घेतली की. ते फोनवर बोलत होते. मी बोट ठेवलं, त्यांनी सही केली. बघितलं नाही."

म्हणजे ज्या सहीने डॉक्टर बुडणार होता ती सही आपण केलीय हे डॉक्टरच्या गावीही नव्हतं. काकांना वाटलं, आता आपल्याला राग यायला हवा. आला नाही.

"काय लिहिलं होतं, सिस्टर?"

"चौथ्या दिवशी ती म्हणाली, कान वाजतात. ते. मी डॉक्टरांना सांगितलं, ते म्हणाले चालू ठेवा. ते."

"एवढंच?"

सिस्टरने चादरीचा नीट बसलेला कोपरा सोडवला आणि परत दुमडला. "आणखी एक ओळ होती. मुलीचं बोलणं, तिच्या शब्दांत. मी तेव्हा जे ऐकलं ते लिहिलं. आता वाटतं, लिहायला नको होतं."

"काय होतं ते?"

"नाही सांगणार."

"सिस्टर, तुमची नोकरी जातेय."

"जाऊ दे," ती मऊपणे म्हणाली. "एका घरातलं एकच माणूस बहिरं झालंय तेवढं पुरे आहे."

काका जिना उतरले. ताईच्या प्रश्नावरचं वजन आता काढता येत होतं. आतले कागद हवे असते तर चोराने कव्हर ठेवलं असतं. नवी फाइल करावी लागली, कारण जे लपवायचं होतं ते कव्हरवरच होतं. डॉक्टरला कव्हरची खबर नव्हती. सिस्टरला होती, पण त्या कव्हरवर तिची सुटका होती. मग त्या एका ओळीने भाजणारं तिसरं कोण होतं?

४

मंगळवार आणि बुधवार दोघांनी खोली पिंजून काढली. रुग्णालयातून चादरी चोरीला जायला लागल्यापासून फाटकावरचा पहारेकरी आत-बाहेर करणाऱ्या प्रत्येकाची पिशवी उलटी करायचा, मोठ्या बाईंचीसुद्धा. खिडक्यांना बारीक जाळी. फाइल बाहेर गेली नव्हती. फाइल लपवायला फायलींसारखी जागा नाही, म्हणून ताईने डावीकडून आणि काकांनी उजवीकडून एकेक फाइल उघडून बघितली. धूळ इतकी उडाली की ताईच्या शिंका मोजायला माणूस ठेवावा लागला असता.

बुधवारी दुपारी तीनला दोघं मधल्या मांडणीपाशी भेटली. हात रिकामे.

"संपल्या," काका म्हणाले. "सगळ्या झाल्या."

ताई ओढणीच्या टोकाने नाक पुसत राहिली.

"काय झालं?"

"काका, रागावू नका."

"मी कशाला रागावू?"

"सगळ्या नाही झाल्या. एक राहिली." ती खाली बघत म्हणाली. "मी मुद्दाम तो कप्पा तुमच्याकडे दिला. म्हटलं, आपण उघडायला नको, तुमची ती. आणि तुम्ही... मी बघत होते. तुम्ही तिच्यावरची धूळ पुसलीत आणि पुढची उचललीत. नेहमीसारखंच."

दोन नंबरचा वॉर्ड. खालचा कप्पा. काकूंची फाइल.

काकांना आठवेना की आपण तिच्यावरून पुढे गेलो. हात आपोआप गेला असणार, वाटेतला खड्डा पायाला ठाऊक असतो तसा. आणि हे रेकॉर्डताईला ठाऊक होतं. इथे येऊन-जाऊन असणाऱ्यांनाही ठाऊक असणार. या खोलीत हजारो फायली, आणि त्यांतली नेमकी एक अशी की जिच्यावर कोणाचाच हात जात नाही.

ते खाली बसले. फाइल धरली, ओढली.

काकू अकरा दिवस वॉर्डात होत्या. अकरा दिवसांची फाइल किती जड असते हे काकांच्या हाताला माहीत होतं.

ही दुप्पट जड होती.

५

मधोमध होती ती. चहाच्या रंगाचा कणा, मुलीचे सगळे कागद, आणि कव्हरच्या आत लाल पेन्सिलीच्या सात ओळी, खाली डॉक्टरची घाईतली सही. काकांनी सातही ओळी वाचल्या. मग चौथी परत वाचली. आणि त्यांना कळलं की ती कोणाला भाजते.

पण कळणं वेगळं आणि दाखवून देणं वेगळं. त्यांनी खोटी फाइल काखेत मारली आणि शेजारच्या शिवणखोलीच्या दारात जाऊन उभे राहिले.

शिवणबाई रुग्णांचे झगे बेतत होती. कामात असली की पूर्वी ती गुणगुणायची, 'सुई बाई सुई, तुला डोळा एक, त्या एका डोळ्यात मावे माझी लेक.' हल्ली नुसते ओठ हलायचे. कापडावर तिने खडूने रेघ मारली. मग कात्री घेतली, आणि रेघेवर नाही, रेघेच्या बाहेरून, लांबच लांब एका दमात कापत गेली. वळली, दुसरी बाजू कापली. तिसरी कापली.

"या काका. बटण तुटलं?"

"नाही. एक विचारायचं होतं. रेघ इथे, आणि कात्री तिथे. असं का?"

"अहो, शिवणीला माया नको सोडायला?" ती हसली. "रेघेवर कापलं तर झगा घालणाऱ्याचा श्वास अडकायचा. अर्धं बोट तरी जास्त लागतंच. आता तर हाताला इतकी सवय झालीय, कळतही नाही सोडलेली."

काकांनी खोटी फाइल तिच्या टेबलावर ठेवली.

"कागदाला शिवण नसते, बाई."

शिवणबाईचा हात कात्रीवरच राहिला. खोलीत इस्त्री तापत होती, तिची बारीक चर्रचर्र तेवढी ऐकू येत होती.

"घडी बसेना म्हणून इस्त्री फिरवलीत. कणा चकाकतोय बघा. चिठ्ठीही इस्त्रीच्या वाफेनेच सुटली. पडद्याचं माप घ्यायला आलात तेव्हा फाइल कापडाखालून नेलीत, पडदे लावायला आलात तेव्हा दोन्ही आणल्यात. ही तिच्या जागी, आणि ती..."

"तिथे तुमचा हात जाणार नाही असं वाटलं होतं," ती म्हणाली.

"मलाही तसंच वाटायचं."

ती स्टुलावर बसली. बराच वेळ तिने सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला. ओवला. पण काही शिवलं नाही.

"मी फक्त तिचं नाव बघून काढली हो, काका. ताई चहा आणायला गेली होती. म्हटलं, बघू तरी, माझ्या लेकीबद्दल काय लिहून ठेवलंय एवढं. आणि उघडली तर पहिली नजर त्याच लाल ओळीवर." तिने ती पाठ म्हटली, शाळेतल्या मुलीसारखी, सूर न लावता. "'मुलगी म्हणते, परवाच आईला सांगितले. आई म्हणाली, माझ्या मशीनचा आवाज बसला असेल कानात, झोप.'"

काका उभेच होते.

"खरं आहे ते. दिवसभर इथे मशीन, संध्याकाळी वर तिच्या खाटेशी. डोळे मिटत होते. म्हणाली, आई, कानात कायतरी वाजतंय. मी म्हटलं, झोप." ती थांबली. "दोन दिवस आधी, काका. दोन दिवस. घरी तिचे बाबा सिस्टरला शिव्या घालतात. सासूबाई घालतात. मीपण घालते. सगळ्यांत मोठ्याने मीच घालते."

"जाळून का नाही टाकली? इस्त्री हाताशी होती."

"घेतली होती जाळायला. पण वाचत बसले. तिसऱ्या दिवशी लिहिलंय, मुलीने गाणं म्हटलं. पहिल्या दिवशी लिहिलंय, हाक मारल्यावर मान वळवते." तिने दोरा बोटाला गुंडाळला. "त्या कागदांत ती अजून ऐकते, काका. ते कसं जाळू?"

बाहेरून कोणीतरी ढकलगाडी नेली. चाकांचा आवाज दारापर्यंत आला, पुढे गेला.

"तुम्ही तर कागदाचे डॉक्टर," ती हळूच म्हणाली. "त्या एका ओळीवर पट्टी लावा ना. सिस्टर सुटेल, डॉक्टर अडकेल, सगळं होईल. फक्त ती एक ओळ झाकायची."

लावता आली असती. जुन्या कागदाची पट्टी, पातळ खळ, वरून वजन. मोठ्या बाईंना भिंग लावूनही कळलं नसतं. काकांच्या बोटांनी तोवर मनात पट्टी कापलीही होती.

"आज मी आमच्या हिची फाइल उघडली," ते म्हणाले. "आठ महिन्यांनी. उघडायचीच होती, तुमची काढायला. शेवटचं पान समोर आलं. लिहिलंय, 'दोन चमचे पाणी घेतले. यजमानांची चौकशी करत होत्या.' मी तेव्हा खाली होतो, बाई. तुमच्या या भिंतीपलीकडे. खळ लावून ठेवली होती, सुकेल म्हणून थांबलो होतो."

शिवणबाईने वर बघितलं. "मग?"

"मग काही नाही. मला वाटायचं, ते वाचलं तर मी उरणार नाही. वाचलं. पान उलटलं." त्यांनी टेबलावरची खोटी फाइल उचलली. "पट्टी लावत नाही मी. तुमच्यावर राग म्हणून नाही. पट्टीखाली काय आहे हे माहीत असलेला माणूस जन्मभर पट्टीच बघत बसतो. फाइल उद्या अकराला टेबलावर असेल. मला सापडली म्हणून असेल, की तुम्ही आणली म्हणून, तेवढं तुम्ही ठरवा."

काका आपल्या खोलीत पोहोचले तेव्हा भिंतीपलीकडे मशीन सुरू झालं होतं.

६

अकराला पाच कमी होते. सभेच्या खोलीत लांब टेबल, पलीकडे मोठ्या बाई आणि बाहेरून आलेले दोन गृहस्थ. अलीकडे एका टोकाला छोटा डॉक्टर, एका टोकाला सिस्टर. भिंतीशी बाकावर मुलीचे वडील, त्यांच्याशेजारी मुलगी. मुलगी सगळ्यांची तोंडं बघत होती, एकाचं झालं की दुसऱ्याचं.

काका दारात फाइल घेऊन उभे. शिवणबाई आली नव्हती.

"काका, सापडली?" मोठ्या बाईंनी विचारलं.

काकांनी तोंड उघडलं, तेवढ्यात मागून कोणीतरी त्यांच्या हातातून फाइल घेतली. ओढून नाही, स्वयंपाकघरात एकीच्या हातातलं भांडं दुसरीने घ्यावं तशी.

"मी नेली होती," शिवणबाई म्हणाली, आणि टेबलापर्यंत चालत जाऊन तिने ती ठेवली. "खोटी मी केली. ताईचा, काकांचा, कुणाचा संबंध नाही."

"तू?" तिचा नवरा उठला. "तू कशाला?"

"बसा. कळेल."

गृहस्थांपैकी एकाने काहीतरी कडक बोलायला सुरुवात केली. मोठ्या बाईंनी हात वर केला, कव्हर उघडलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. "पेन्सिल पुसट झालीय. सिस्टर, तुमचं अक्षर आहे. तुम्हीच वाचा."

सिस्टर उभी राहिली. फाइल घेताना तिने एकदा शिवणबाईकडे बघितलं.

"'चौथा दिवस,'" ती वाचू लागली. "'सकाळचे इंजेक्शन देताना मुलगी म्हणाली, कान वाजतात. दोन्ही.'" ती थांबली. पुढचं वाक्य सुरू करायला तिला जरा वेळ लागला. "'नऊ वाजता डॉक्टरांना सांगितले. म्हणाले, चालू ठेवा. दुपारी पुन्हा सांगितले. म्हणाले, चालू ठेवा.' खाली सही आहे."

"बघू," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांनी सही बघितली, मग ती डॉक्टरसमोर सरकवली. डॉक्टरने आपलीच सही अशी बघितली की जणू ती रस्त्यात सापडली. त्याने मान खाली घातली, आणि वर केलीच नाही.

"सिस्टरवरचा आरोप टिकत नाही," पहिले गृहस्थ म्हणाले. दुसऱ्याने मान हलवली. मुलीच्या वडिलांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि सिस्टरकडे बघून काही म्हणायचा प्रयत्न केला. मोठ्या बाई लिहू लागल्या. झालं होतं. सगळे सुटायचे ते सुटले होते, अडकायचे ते अडकले होते.

"एक ओळ राहिली, सिस्टर," शिवणबाई म्हणाली.

"नाही राहिली."

"राहिली."

"बाई, नको," सिस्टर म्हणाली, अगदी हळू. "काय उपयोग आता?"

शिवणबाई टेबलाकडे वळली नाही. ती बाकाकडे वळली, नवरा बसला होता तिकडे.

"चौथ्या दिवशी तिने सिस्टरला सांगितलं. त्याच्या दोन दिवस आधी मला सांगितलं होतं. मी म्हटलं, मशीनचा आवाज बसला असेल कानात. झोप."

मोठ्या बाईंचं पेन थांबलं. नवरा नुसता तिच्याकडे बघत राहिला, घर बदलल्यावर माणूस पहिल्या सकाळी भिंतीकडे बघतो तसा. काका दाराला टेकले. दाराचं लाकूड पाठीला गार लागलं, आणि ते गार लागलं हे त्यांना कळलं.

मुलगी आईच्या तोंडाकडे बघत होती. सगळे गप्प झालेले तिला दिसले. ती उठली, आली, आईची बाही ओढली.

"आई, काय म्हणालीस?" तिने विचारलं. तिचा आवाज आता तिला मापता येत नव्हता, तो सगळ्या खोलीभर झाला.

शिवणबाई खाली बसली. खिडकीचा उजेड आपल्या तोंडावर येईल अशी सरकली. लेकीची हनुवटी धरून तिने तिचा चेहरा आपल्या ओठांसमोर आणला, आणि तीच वाक्यं एकेक शब्द सुटा करून परत सांगू लागली.